बत्तीस कॅमेरे, सहा नियम : सोलापूरच्या एका शाळेतलं ‘एआय’ सुरक्षेचं प्रकरण

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. अनुदानित, मराठी माध्यमाची; त्याच आवारात संस्थेची प्राथमिक शाळाही भरते. पालकांत यंत्रमाग कामगार जास्त, आयांमध्ये विड्या वळणाऱ्या बऱ्याच. मुलं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत कन्नड आणि दखनी ऐकतात, वर्गात मराठी लिहितात. सव्वाबाराला सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं भरतं. तेव्हा पंधरा-वीस मिनिटं एकाच फाटकात दोन्ही सत्रांची मुलं, रिक्षावाले काका, नातवंडांना न्यायला आलेल्या आज्या आणि सायकली यांची झुंबड उडते. शाळेचं नाव देत नाही. संस्थेची तशी अट आहे आणि ती रास्त आहे.

कॅमेरे आले ते ऑगस्ट २०२४ नंतर. बदलापूरची घटना उघडकीस आल्यावर २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला : शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायचे आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासायचं. राज्यभर एकच धावपळ झाली. या शाळेनंही माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून बत्तीस कॅमेरे लावले. दोन मेगापिक्सेलचे, कोॲक्सियल केबलवाले, आणि चित्रण साठवायला सोळा-सोळा चॅनेलचे दोन डीव्हीआर (रेकॉर्डर). तपासणीची वही सुरू झाली आणि त्या वहीत ‘फुटेज पाहिले, काही आक्षेपार्ह नाही’ ही ओळ आठवड्याला तीनदा पडू लागली. बत्तीस कॅमेऱ्यांचं रोजचं चित्रण कोणती मुख्याध्यापिका बघत बसेल? मॅडम दोन-चार ठिकाणी पुढे-मागे करून बघत आणि सही करत. दुसरं काही शक्यही नव्हतं.

संस्थेचे सचिव नेमक्या याच प्रश्नावर आले. ‘‘अहो, एवढे कॅमेरे लावून ठेवलेत, बघतंय कोण?’’ एका प्रदर्शनात त्यांना विक्रेता भेटला होता. सांगणं सोपं होतं : कॅमेरे बदलायचे नाहीत, केबल ओढायची नाही, चित्रण स्वतः तपासणारा ‘एआय’चा एक बॉक्स डीव्हीआरला जोडायचा, शस्त्र दिसलं, मारामारी झाली, अनोळखी माणूस घुटमळला की मोबाइलवर अलर्ट. प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओत एक माणूस पिस्तूल काढतो आणि त्याच्याभोवती लाल चौकट उमटते. सचिव प्रभावित झाले. मॅडमना शंका होती, म्हणून त्यांनी एक छोटी समिती नेमली : एक शिक्षक, एक शिक्षिका, दोन पालक, आणि नेटवर्कच्या कामातला माजी विद्यार्थी म्हणून मी.

आहे ते कॅमेरे काय बघतात

बॉक्स येण्याआधी आम्ही डीव्हीआरची खोली उघडली. खोली म्हणजे जिन्याखालची कपाटवजा जागा, वर पत्रा. एका डीव्हीआरचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे, दुसऱ्याचं चार मिनिटं मागे. म्हणजे एकच मूल फाटकावरच्या कॅमेऱ्यातून बाहेर पडल्यावर वीसेक मिनिटांनी व्हरांड्यात दिसणार. तीन चॅनेल काळे. मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलेलं. रात्री इन्फ्रारेड दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि पडद्यावर रात्रभर पांढरे धागे हलत राहतात. कुठलाही हालचाल-शोधक अशा चॅनेलवर वेडा होतो. दोन्ही डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवलेला, तोच, आणि तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेननं लिहिलेला.

पुढचा भाग जरा आकड्यांचा आहे, पण निर्णय त्यावरच फिरला. ३.६ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा साधारण ८० अंशांचा पट्टा टिपतो. दहा मीटर अंतरावर तो पट्टा जवळजवळ सतरा मीटर रुंद होतो. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे मीटरला ११४. पंधरा सेंटिमीटरच्या चाकूच्या वाट्याला सतराएक पिक्सेल येतात, तेही चाकू आडवा आणि हात स्थिर असेल तर. पण विक्रेत्याचा बॉक्स पूर्ण चित्र घेतच नव्हता. पूर्ण दर्जाचे आठ प्रवाह, म्हणजे आठ कॅमेऱ्यांचं चालू चित्रण, ही त्याची मर्यादा. बत्तीस चॅनेल चालवायचे तर डीव्हीआरचा दुय्यम, हलका प्रवाह घ्यावा लागणार, आणि आमच्या डीव्हीआरवर तो ३५२ बाय २८८ पिक्सेलचा निघाला. त्यात तोच चाकू तीन पिक्सेलांचा उरतो. तीन पिक्सेलांत चाकू, पट्टी आणि केळं यांत फरक करणारं गणित अजून कुणाकडे नाही.

कॅमेऱ्यांच्या जागांचाही असाच हिशेब लागला. पाळत-कॅमेऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे : कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी माणसाची खात्रीनं ओळख पटवायला २५०. शाळेचा फाटकावरचा कॅमेरा साडेचार मीटर उंचीवर, समोरच्या रस्त्याकडे तोंड करून. त्यात माणसांचे टाळू छान दिसत होते.

साठवणही मोजली. एका कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला २१.६ जीबी, सोळा कॅमेऱ्यांना साधारण ३४६. डीव्हीआरमध्ये चार टीबीची डिस्क, म्हणजे साडेअकरा दिवस. सीबीएसईनं जुलै २०२५ मध्ये आपल्या शाळांना किमान पंधरा दिवसांचं चित्रण ठेवायला सांगितलं. ही शाळा राज्य मंडळाची, तो नियम तिला लागू नाही, पण मापाला बरा आहे. लहान मूल घरी काही सांगतं ते बऱ्याचदा आठवडे उलटल्यावर. तोवर डिस्कवर नवं चित्रण चढलेलं असतं.

म्हणून समितीनं पहिली शिफारस केली ती बॉक्सविना : घड्याळं इंटरनेटच्या वेळेशी जुळवा, डिस्का मोठ्या घ्या, कोळ्यांची जाळी काढा, फाटकासाठी एक कॅमेरा डोक्याच्या उंचीवर लावा, पासवर्ड बदला. शेवटच्या मुद्द्यावर सचिव हसले होते. २०२५ मध्येच राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांचं चित्रण इंटरनेटवर विकायला निघालं, कारण कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. हे सांगितल्यावर त्याच दुपारी पासवर्ड बदलला गेला.

पिस्तूल कुणाच्या शाळेत येतं

शस्त्र ओळखणारी ही प्रणाली मुळात अमेरिकेतल्या शाळांसाठी घडली. तिथे शाळेत गोळीबार होतो, बंदूक दिसल्यापासून गोळी सुटेपर्यंतचे सेकंद मोलाचे असतात, त्यामुळे या उत्पादनाला तिथे अर्थ आहे. तिथेही ते किती चालतं हा वेगळा विषय. जानेवारी २०२५ मध्ये नॅशव्हिलच्या अँटिऑक हायस्कूलमध्ये गोळीबार झाला तेव्हा अशी प्रणाली चालू होती. हल्लेखोर आणि बंदूक कॅमेऱ्यापासून अशा जागी होते की तिला काही दिसलं नाही. उलट २० ऑक्टोबर २०२५ ला बाल्टिमोर काउंटीतल्या केनवूड हायस्कूलबाहेर एका मुलाच्या हातातलं चिप्सचं पाकीट तिला बंदूक वाटलं. तपासणाऱ्या माणसांनी तो अलर्ट रद्द केला होता. पण रद्द झाल्याचं मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं नाही, पोलिसांना निरोप गेला आणि मुलाला बेड्या पडल्या. मला या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग मशिनच्या चुकीनंतरचा वाटतो. मशिन चुकलं ते माणसानं वेळेत पकडलं, आणि तरीही निरोप चुकीच्या टोकाला पोचला.

आपल्याकडे शाळेत हत्यार येतच नाही असं कोण म्हणेल? दहावीच्या पोरांच्या भांडणात दप्तरातून काय निघतं ते शिक्षकांना विचारा. पण ते दप्तरातून निघतं आणि बहुतेक वेळा शाळेबाहेर, गल्लीच्या तोंडाशी निघतं, जिथे शाळेचा कॅमेरा नाही.

शिवाय साधं गणित. बत्तीस कॅमेरे, दिवसाचे दहा तास, सेकंदाला पाच चित्रं तपासली तर रोज सत्तावन्न लाख साठ हजार चित्रं होतात. प्रणाली दहा लाखांत एकदाच चुकते असं धरलं तरी रोज पाच-सहा खोटे अलर्ट. शाळेच्या २२० दिवसांत साडेबाराशेच्या वर. लागोपाठच्या चित्रांत वस्तू टिकून दिसली तरच अलर्ट द्यायचा, अशी चाळणी विक्रेते लावतात आणि आकडा खाली येतो. पण चाळणी जेवढी बारीक, तेवढा खरा चाकूही तीत अडकून पडण्याची शक्यता जास्त. खऱ्या घटनेची वेळ वर्षानुवर्षं येत नाही. साडेबाराशे खोट्या हाकांनंतर ती आली तर फोन उचलायला कोण जागं असेल?

चाचणी

तरी सचिवांच्या आग्रहानं चाचणी घेतली, आणि बरं झालं घेतली. आठ कॅमेरे, पूर्ण दर्जाचा प्रवाह, विक्रेत्याचा तंत्रज्ञ जागेवर. महिना गणपतीच्या आधीचा. सोलापुरात या दिवसांत मंडळं आणि शाळा, सगळीकडे लेझमाचा सराव रंगात असतो. मैदानात लेझमाचं पथक उतरलं आणि व्हॉट्सॲपच्या गटावर ‘मारामारीची शक्यता’ असे अलर्ट एकामागून एक पडू लागले. हात वर, पाय पुढे, वाकून झटका, पुन्हा वर : शंभर मुलांची मारामारीच की ती! लाठीकाठीच्या तासाला ‘शस्त्र’. एनसीसीच्या लाकडी रायफली निघाल्या त्या दिवशी तर तंत्रज्ञानं स्वतःच चॅनेल बंद केलं. सर्वांत मजेशीर अलर्ट सातवीच्या वर्गाबाहेरून आला. भूमितीच्या तासाला सर फळ्यावरचा मोठा लाकडी गुण्या काखेत मारून व्हरांड्यातून चालले होते. पडद्यावर त्यांच्या काखेभोवती लाल चौकट आणि बाजूला ८१ टक्के खात्री.

यात मशिनचा दोष कमी, ते जिथे शिकलं त्या शाळेचा जास्त. चित्रातल्या वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा कोको नावाचा प्रतिमासंच आहे. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. बेसबॉलची बॅट आहे, क्रिकेटची नाही. बंदुकीही नाहीत, त्या विक्रेते वेगळ्या शिकवतात. लेझीम आणि गुण्या मशिनला कुणी दाखवलेच नाहीत, मग ओळखीच्यांपैकी जवळचं नाव ते देतं.

गटात मॅडम, सचिव, दोन शिक्षक आणि शिपाई मामा. पहिल्या दोन दिवसांत सगळे अलर्ट उघडून बघत. आठवड्याच्या शेवटी गट ‘म्यूट’. मामांनी तर तोंडावर सांगितलं, ‘‘सर, ह्ये मशीन लै बोंबलायलंय की ओ. आता खरंच कोण आलं तरी म्या उठायचो नाही बघा.’’ समितीच्या अहवालात ‘अलर्ट-थकवा’ असा परिच्छेद मी लिहिला होता. मामांच्या वाक्यापुढे तो कोणी वाचला नाही.

मग नियम उलट्या बाजूनं लिहिले

चाचणीनंतर बॉक्स परत पाठवायचा असाच सूर होता. शिक्षिकांपैकी एका बाईंनी वेगळं सुचवलं : मशिनला काय दिसतं ते विचारण्याआधी आपल्याला कशाची भीती वाटते ते विचारू. मग मावशी, मामा, रिक्षावाले काका, प्राथमिकच्या बाई अशा सगळ्यांना एकेक करून विचारलं. बंदुकीचं नाव कुणी काढलं नाही. सव्वाबाराच्या गर्दीत कुणाचं मूल कुणासोबत गेलं ते कळत नाही. मागचं फाटक डबेवाल्यासाठी उघडतं आणि उघडंच राहतं. संध्याकाळी भिंतीवरून पोरं उड्या मारतात. प्रयोगशाळेजवळच्या मीटरच्या बोर्डातून एकदा धूर निघाला होता. जिन्यात ढकलाढकली होते. सुट्टीच्या दिवशी नळाच्या तोट्या चोरीला जातात. आणि प्राथमिकच्या बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं ते : स्वच्छतागृहाकडच्या बोळात कोण जातं-येतं त्यावर लक्ष नसतं.

यातलं मशिनला काय जमतं? शस्त्र ओळखणं हे अवघड काम. पण ‘या जागेत, या वेळेत, माणूस आहे की नाही’ हे सोपं; त्याला चेहरा लागत नाही, हत्यार लागत नाही, मीटरला पंचवीस-तीस पिक्सेल पुरतात. म्हणून शस्त्र आणि मारामारी हे दोन्ही शोध बंद केले आणि सहा चॅनेलवर सहा नियम ठेवले : मागच्या फाटकाची रेषा शाळेच्या वेळेत कुणी ओलांडली तर, मागच्या भिंतीलगत सातनंतर माणूस दिसला तर, प्रयोगशाळेच्या दारात कुलूप लागल्यावर हालचाल झाली तर, गच्चीच्या जिन्यावर केव्हाही, पाण्याच्या टाकीजवळ केव्हाही, आणि मैदानात शाळा सुटून अर्धा तास झाल्यावर कुणी उरलं तर. मीटरच्या बोर्डासाठी विक्रेता कॅमेऱ्यातून धूर ओळखायचा मोड देत होता. तिथे आम्ही छताला साधं स्मोक डिटेक्टर बसवलं. त्याला बॉक्ससारखा दर वर्षीचा परवाना लागत नाही.

अलर्ट पाच जणांना जाणं बंद झालं. दिवसा ड्युटीवरचे शिपाई, रात्री आवारात राहणारा पहारेकरी. त्यांनी पाच मिनिटांत ‘बघितलं’ असं दाबलं नाही तर मॅडमना फोन. पोलिसांचा ११२ आणि चाइल्डलाइनचा १०९८ कधी लावायचा हे मोठ्या अक्षरात लिहून मामांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं, मराठीत आणि तेलुगूत.

भिंतीवरचे अलर्ट पहिल्या पंधरवड्यात बरेच आले आणि सगळे त्याच पोरांचे. गल्लीत खेळायला जागा नाही, शाळेचं मैदान रिकामं, मग उडी. शाळेनं साडेपाच ते सात मैदान उघडं ठेवायला सुरुवात केली, फाटकात पहारेकरी. उड्या थांबल्या, अलर्टही थांबले. यासाठी बॉक्स घ्यायला हवा होता का, असं एका पालकानं विचारलं. नसता घेतला तरी चाललं असतं, पण पोरं किती आणि कधी येतात हे कागदावर आल्याशिवाय संस्था मैदान उघडायला तयार झाली नसती.

मैदान असं उघडं ठेवण्याआधी मैदानाच्या नियमानं एकदा नीट काम केलं. दुपारचं सत्र सुटून पाऊण तास झाला होता. पहारेकऱ्याच्या फोनवर अलर्ट आला. चित्रात कडुलिंबाच्या पाराजवळ एक ठिपका. जाऊन बघितलं तर तिसरीतली मुलगी, दप्तर मांडीवर, रिक्षाची वाट बघत. रिक्षावाल्या काकांना वाटलं होतं ती आजीसोबत गेली. आजीला वाटलं होतं ती रिक्षानं येतेय. तिच्या वहीतला फोन आजीनं उचलला आणि ती फक्त तेलुगू बोलत होती. पहारेकऱ्याला तेलुगू येतं म्हणून दोन मिनिटांत उलगडा झाला. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून रिक्षानिहाय यादी केली. प्रत्येक काका मुलं मोजून सही करतात, मग फाटक सोडतात. सव्वाबाराच्या गोंधळावरही आम्हाला याहून चांगला उपाय सापडला नाही. गर्दीत मूल कुणाचा हात धरून जातंय हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही.

चेहरे आणि बोळ

विक्रेत्यानं मग चेहऱ्यावरून हजेरी ‘मोफत’ देऊ केली. सचिवांना पुन्हा मोह झाला. समितीनं ठाम नकार दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक. त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणं याला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी यात सूट आहे, आणि विक्रेत्याचा सगळा भर त्या सवलतीवर होता. पण सुरक्षिततेसाठी आमच्या सहा नियमांना एकही चेहरा लागत नव्हता. मग हजारभर मुलांचे चेहरे कंपनीच्या सर्व्हरवर कशाला पाठवायचे? बॉक्स आता बाहेर फक्त अलर्टचं एक धूसर चित्र पाठवतो, तेही तीस दिवसांनी पुसलं जातं. कोणते कॅमेरे काय बघतात याची पाटी फाटकावर लावली आहे.

राहिला तो बोळ. स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. बोळाच्या तोंडाशी लावला तर मशिन सांगणार की माणूस गेला. तो सफाई कामगार, शिक्षक की पाहुणा, हे नाही. ओळखीच्या माणसापासूनचा धोका कॅमेऱ्याच्या नजरेत धोका दिसतच नाही, तो रोजचाच माणूस दिसतो. बदलापूरमध्ये आरोपी शाळेचाच सफाई कामगार होता. या शाळेनं बॉक्सवरच्या उरलेल्या चॅनेलांचे वाचलेले पैसे मावशींच्या मानधनात घातले. प्राथमिकच्या वेळेत त्या बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून एक मावशी बसलेल्या असतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती कागदावर होती, तिची बैठक आता महिन्याला होते. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच, असं माझं मत. सचिवांचं तसं नाही, ते पाहुण्यांना अजून बॉक्सच दाखवतात.

मुख्याध्यापिकांची वही बदलली आहे. आठवड्यातून तीनदा त्या अलर्टची यादी उघडतात, प्रत्येकासमोर काय निघालं ते लिहितात, आणि एका कॅमेऱ्याचं दहा मिनिटांचं चित्रण कुठूनही निवडून बघतात. काळं पडलेलं चॅनेल आता त्याच दिवशी कळतं.

परवान्याचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. हे सहाही नियम आजकालच्या बऱ्याच नेटवर्क कॅमेऱ्यांत आणि नव्या डीव्हीआरमध्ये आधीच असतात. माणूस आणि वाहन वेगळं ओळखून रेषा ओलांडल्याचा इशारा ते स्वतःच देतात. सहा कॅमेरे बदलले तर खर्च एकदाच येईल आणि दर वर्षीचा परवाना लागणार नाही. दोन्हींची कोटेशनं मागवली आहेत. विक्रेत्यानं दर निम्म्यावर आणलाय आणि सोबत लेझीम ओळखणारी नवी आवृत्ती देतो म्हणालाय.